एकसष्ट टक्के आभार

२०५४ सालानंतर इंटरनेटवरून एकही पान हरवलेलं नाही. म्हणजे पानं पुसली जात होती, संकेतस्थळं बंद पडत होती, कंपन्या बुडत होत्या, ते सगळं पूर्वीसारखंच चालू होतं. पण दुवा दाबला आणि समोर काहीच आलं नाही, असं मात्र होत नसे. पान नसलं तरी यायचं.

शाळकरी पोरांना यात नवल वाटत नाही, कारण त्यांनी जुनं जग पाहिलेलं नाही. पूर्वी पान गायब असलं की त्या जागी एक पाटी लागे : 'क्षमस्व, आपण शोधत असलेले पान सापडले नाही.' वर चारशे चार असा आकडा. काही हौशी लोक शेजारी हिरमुसलेल्या अस्वलाचं चित्रही लावत. पाटी अतिशय नम्र होती, आणि तिच्याइतकं लबाड वाक्य संगणकावर दुसरं नव्हतं. पान कुणी काढलं, कधी काढलं, की ते तिथे कधी नव्हतंच, यातलं एक अक्षर ती सांगत नसे. शोधणाऱ्याचंच काहीतरी चुकलं, असा तिचा सूर. नाशिकच्या एका सज्जनांनी 'थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा' हे वाचून घरून डबा मागवला आणि दिवेलागणीपर्यंत पाटीसमोर बसून राहिले. नाव सांगत नाही, त्यांची नातवंडं हयात आहेत.

मग पोकळीवाचन आलं.

कल्पना तशी दातांच्या डॉक्टरांच्या रोजच्या माहितीतली आहे. दात पडला की शेजारचे दोन दात हळूहळू खड्ड्याकडे कलतात, समोरचा दात खाली उतरतो, जीभ दिवसातून शंभरदा तिथेच जाते. पडलेला दात पाहिलेला नसला तरी चांगला डॉक्टर या कलण्यावरून त्याचा आकार सांगू शकतो. पानांचंही तसंच. कुठलंच पान एकटं नसतं. त्याच्याकडे बोट दाखवणारे दुवे असतात, दुव्याशेजारी कुणीतरी 'इथे काय धमाल आहे बघा' असं लिहिलेलं असतं, कुणी त्यातल्या दोन ओळी उचललेल्या असतात, कुणी त्यावरून भांडलेलं असतं. पान पुसलं तरी ही सगळी मंडळी जागच्या जागी कललेलीच राहतात. या कलण्याला शास्त्रज्ञांनी 'झुकाव' असं नाव दिलं. असे लाखो झुकाव मोजून मधल्या पोकळीत कोणतं पान बसायला हवं ते यंत्र ठरवतं आणि तिथे बसवून टाकतं. त्याला म्हणायचं 'भरीव पान'. फसवणूक नको म्हणून प्रत्येक वाक्याशेजारी बारीक आकडा असतो : हे वाक्य मूळ पानावर असल्याची खात्री शंभरात किती. आकडा शंभर झाला की तो काढून टाकतात. ज्याची पूर्ण खात्री आहे त्याला पुरावा कशाला चिकटवायचा?

लोकांनी पहिले दोन महिने हे आकडे वाचले. पुढे कुणी वाचल्याचं ऐकिवात नाही.

फलटणच्या मुकुंद तारळेकरांना पुण्याच्या पोकळीवाचन केंद्राचं पत्र आलं तेव्हा ते सत्याहत्तर वर्षांचे होते. गावात त्यांना 'उखाण्यांचे तारळेकर' म्हणत. संगणकाचे क्लास घेत घेत त्यांनी तरुणपणी उखाण्यांचं एक संकेतस्थळ काढलं होतं आणि पन्नास वर्षं नवऱ्या मुली तिथूनच नाव घेत आल्या होत्या. लग्नाला तारळेकरांना पुढच्या रांगेत बसवत. नवरी अडली की सगळा मांडव त्यांच्याकडे बघे, आणि ते ओठ न हलवता पुढची ओळ पुरवत.

त्यांच्या संग्रहातला सगळ्यात गाजलेला उखाणा असा :

'___ी चतुर्थीला दूर्वा निवडते एकवीस,
___रावांचा रुसवा पुरतो फारतर एक दिवस.'

रिकाम्या जागी नवऱ्याचं नाव घालायचं. त्यामुळे अभिषेकची बायको 'अभिषेकी चतुर्थीला' म्हणे, सागरची बायको 'सागरी चतुर्थीला'. ही कुठली चतुर्थी, असं पहिली काही वर्षं म्हाताऱ्या बायकांनी विचारलं. त्या म्हाताऱ्या गेल्या आणि नव्या म्हाताऱ्या झाल्या त्यांनी स्वतःच तसं म्हटलेलं होतं. पुढे लग्नानंतरच्या पहिल्या चतुर्थीला नवऱ्याच्या नावानं मोदक करायची चालच पडली. सांगली भागात त्या दिवशी जावयाला दूर्वांचा हार घालत. या प्राचीन प्रथेवर दोघांनी पीएचडी केली, आणि दोघांचं तिच्या काळाबद्दल एकमत होऊ शकलं नाही.

पत्र लहानच होतं. 'नगरवेस या संकेतस्थळावरून २०१२ साली आपल्या खात्यातून काढले गेलेले एक पान भरण्यात आले आहे. ते खुले करण्यापूर्वी आपली साक्ष हवी.' तारळेकरांनी ते तीनदा वाचलं आणि मिक्सरच्या गॅरंटी कार्डाच्या पिशवीत ठेवलं. त्या पिशवीत ठेवलेली वस्तू त्यांच्या घरात पुन्हा कुणाच्या हाती लागलेली नव्हती. पण पत्र पाठवणारी बाई आठवड्याभरात सकाळी दहाच्या बसनं स्वतःच येऊन उभी राहिली.

डॉक्टर ऋता पाथ्रीकर. वय छत्तीस-सदतीस, मूळची परभणीकडची, खांद्याला पिशवी. दारातच वाकून नमस्कार केला.

"काका, तुमचाच उखाणा घेऊन मी सासरी गेले. 'निखिली चतुर्थीला.' सासूबाई खूश झाल्या, म्हणाल्या, शास्त्रज्ञ असून रीतभात आहे पोरीला."

तारळेकरांना बरं वाटलं. चहा त्यांनी स्वतःच टाकला. त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. चहा टाकता टाकता त्यांनी मनातल्या मनात तीन उत्तरं तपासून पाहिली. खातं कुणीतरी चोरलं होतं, हे एक. सर्व्हर जळाला, हे दुसरं. तिसरं, या वयात काही आठवत नाही. पन्नास वर्षांत तिन्ही चांगली मुरली होती.

"मला एक सांगा," ऋता कप हातात घेत म्हणाली, "त्या चतुर्थीच्या आधी रिकामी जागा आहे आणि तिच्यापुढे एक वेलांटी नुसतीच लोंबतेय. ती तशी का?"

"छापखान्याची चूक."

"वेबसाइटला छापखाना नसतो, काका."

"मग टायपिंगची."

"तेच म्हणायला आलेय. मूळ मजकुरात एखादा शब्द सगळीकडून एका फटक्यात काढायचा म्हटला, तर संगणक तो जिथे दिसेल तिथून काढतो. माणूस थांबला असता, संगणक थांबत नाही. 'विनायकराव'मधला विनायक गेला, तसा 'विनायकी चतुर्थी'मधलाही गेला. वेलांटी तेवढी मागे राहिली." ती चहा प्यायली. "आमच्या यंत्रानं महाराष्ट्रभरच्या साठ हजार प्रती लावून पाहिल्या. साठ हजार बायकांनी आपापल्या नवऱ्याचं नाव घातलं, पण त्या सगळ्या नावांच्या खाली एकच माणूस निघाला, विनायकराव. मी आपली प्रथा समजत होते. प्रथेमागे एक खरीखुरी बायको होती."

ऋतानं पिशवीतून पातळ पडदा काढून टेबलावर उलगडला.

वर नाव होतं : सौ. रत्नप्रभा विनायक डोंगरे. खात्री अठ्ठ्याण्णव. खाली चौतीस उखाणे. 'विनायकी चतुर्थीला दूर्वा निवडते एकवीस' सातव्या नंबरला. एकाचीही खात्री त्र्याण्णवच्या खाली नव्हती. तारळेकर वाचत गेले तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. पन्नास वर्षं ज्या ओळी त्यांनी आपल्या म्हणून सांगितल्या, त्या आपल्या घरी परत जाऊन बसल्यासारख्या दिसत होत्या.

सगळ्यात शेवटी, उखाण्यांच्या खाली, साधं गद्य होतं :

'मला टायपिंग शिकवलं ते मुकुंद तारळेकरनं. माझी बोटं चुकायची पण तो कधी चिडला नाही. पोटच्या पोरासारखा आहे. त्याला मी विसरायची नाही.'

सगळ्याला मिळून आकडा एकसष्ट.

मुरवलेली तिन्ही उत्तरं तारळेकरांच्या तोंडापर्यंत आली होती. ती तिथेच राहिली. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"मीच काढलं," ते म्हणाले.

"ते आम्हाला माहीत आहे, काका."

"तुम्हाला अर्धं माहीत आहे."

उरलेलं अर्धं त्यांनी जमिनीकडे बघत सांगितलं. ते सव्वीस वर्षांचे होते. महिला मंडळाच्या बायकांना टायपिंग शिकवत आणि नगरवेस चालवत. बायका तिथे आपापली पानं लिहीत, लोणच्याबद्दल, काशीयात्रेबद्दल. रत्नप्रभाबाई डोंगरे उखाणे लिहीत. वही नाही, कागद नाही, थेट यंत्रावर बसून. 'वहीत लिहायचं ते हिशेब आणि वाणसामान, हे माझं कॉम्प्युटरवरचं,' असं ऐटीत म्हणायच्या. त्यांचं पान लांबलांबचे लोक वाचायला लागले, आणि मुकुंदला वाटलं की या बाईला याचं काय करायचंय. त्यानं चौतीस उखाणे उचलले, विनायक काढला, आपल्या नावानं नवं संकेतस्थळ उघडलं आणि जुनं पान पुसून टाकलं.

"तिसऱ्या दिवशी काकू आल्या. 'मुकुंद, माझं पान दिसत नाही रे.' मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. ती पाटी होती ना, क्षमस्व वगैरे. त्यांनी मोठ्यानं वाचली, अक्षर अक्षर लावून. म्हणाल्या, 'म्हणजे काय रे?' मी म्हटलं, 'म्हणजे नव्हतंच, काकू. तुम्ही सेव्ह केलं नसेल.'"

"मग?"

"म्हणाल्या, 'अरे, मी रोज वाचत होते.' मी म्हटलं, 'मनात वाचत असाल.' पाटीवर होतं, सापडले नाही. मी सांगितलं, नव्हतंच. एवढाच फरक केला मी. संगणक म्हणतोय तर त्यांना खरं वाटलं. तीनदा आल्या. तिसऱ्यांदा विनायकराव बरोबर होते. ते मलाच सॉरी म्हणाले. म्हणाले, 'हल्ली विसरते ती, तुम्हाला उगाच त्रास.' काकू हसल्या. माझ्याकडे बघून हसल्या."

ऋतानं कप खाली ठेवला होता.

"पुढे पुण्याला डॉक्टरला दाखवलं म्हणे. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही. पण त्यांचा स्वतःवरचा भरवसा गेला तो गेला. गॅस बंद केलाय का, हे शेजारणीला विचारून यायच्या. भाजीत मीठ घातलं का, विचारायच्या. उखाणा पुन्हा लिहिला नाही. सात वर्षांनी गेल्या. मी तेराव्याला गेलो होतो. जेवलोसुद्धा."

रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला.

"हे तुम्ही सांगितलंत ते मी नोंदवून घेते," ऋता म्हणाली. तिचा आवाज आधीपेक्षा कोरडा होता. "पान त्यांच्या नावानं खुलं होईल. त्याला तुमच्या साक्षीची गरज नव्हतीच. साक्ष हवी आहे ती शेवटच्या परिच्छेदासाठी."

"यंत्रानं तो आणला कुठून?"

"झुकावातून. त्या काळात मंडळातल्या बाकीच्या सात बायकांनी आपापल्या पानाखाली तुमचे आभार मानलेत. म्हणजे तशी पद्धत असावी. शिवाय बारामतीच्या एका बाईंनी रत्नप्रभाबाईंच्या पानाबद्दल दुसरीकडे लिहिलंय, 'शेवट वाचून बरं वाटलं, पोरगा गुणी आहे.' आता हा पोरगा तुम्ही असाल, नाहीतर त्यांचा स्वतःचा मुलगा."

"मुलगा होता त्यांना. गुणीही होता."

"म्हणून एकसष्ट. नाहीतर नव्वद आले असते." तिनं पडद्याच्या कोपऱ्यावर बोट टेकवलं, तिथे तीन चौकोन उमटले. होते. नव्हते. आठवत नाही. "मूळ पान शेवटचं पाहिलेला माणूस जगात एकच उरलाय. तुम्ही 'होते' म्हणालात तर आकडा निघून जाईल. 'नव्हते' म्हणालात तर परिच्छेद निघून जाईल. सांगा, हे वाक्य तिथे होतं?"

ऋताला वाटलं, आता म्हातारा रडेल आणि 'होते' म्हणेल. त्याच्या जागी कुणीही म्हटलं असतं. पण तारळेकर बराच वेळ त्या तीन चौकोनांकडे बघत राहिले.

"खाली चार-पाच ओळी होत्या. एवढं दिसलं होतं," ते म्हणाले. "मी वाचल्या नाहीत. मला उखाणेच हवे होते. शेवटच्या उखाण्यापर्यंत निवडलं, उचललं आणि बाकी पुसलं."

"म्हणजे आठवत नाही?"

"आठवत नाही कसं म्हणू? विसरायला आधी वाचावं लागतं. चौथा चौकोन आहे का?"

चौथा चौकोन नव्हता. यंत्र बनवणाऱ्यांनी सगळ्या प्रकारच्या पुसणाऱ्यांचा विचार केला होता, लाजून पुसणारे, घाबरून पुसणारे, चुकून पुसणारे. न वाचता पुसणारा त्यांच्या डोक्यात आला नव्हता. ऋतानं तिन्ही चौकोन रिकामे ठेवले आणि दुपारच्या बसनं परत गेली.

पान खुलं झालं. तारळेकरांनी गावात तोंड दाखवायचं नाही असं ठरवून दोन दिवस दार लावून घेतलं. लोक येतील, बोलतील, एखादा शिव्याही देईल, याची त्यांनी तयारी केली होती. खरं तर त्यांना तेच हवं होतं. मुलाखतीसाठी एका वाहिनीचा माणूस आला तेव्हा त्यांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं, पाटी कशी दाखवली तेसुद्धा.

लोकांनी दोन्ही गोष्टी वाचल्या, त्यांची कबुली आणि भरीव पानाचा शेवट. आणि आपापल्या मनानं त्यांची सांगड घातली. ज्या बाईला याच्यामुळे एवढं सोसावं लागलं ती याला पोटच्या पोरासारखा म्हणते, म्हणजे उखाणे तिनंच प्रेमानं दिले असणार आणि हा भला माणूस आता उगाच सगळं स्वतःच्या अंगावर घेतोय. 'या वयात केवढा मोठेपणा,' असं लोकांनी लिहिलं. हजारोंनी पोटच्या पोराचं ते वाक्य उचलून आपापल्या पानावर लावलं. एका मंडळानं तारळेकरांना शाल-श्रीफळ द्यायचं ठरवलं. ते नको म्हणाले, तर लोक म्हणाले, विनयशील आहेत.

मग त्यांनी मेधाला फोन केला. मेधा रत्नप्रभाबाईंची मुलगी, शाळेत तारळेकरांच्या वर्गात होती, आता साताऱ्यात राहायची.

"मेधा, मी मुकुंद बोलतोय. फलटणचा."

"अरे, मीच करणार होते तुला. वाचलं मी सगळं. तुझं ते इंटरव्ह्यूचंही बघितलं."

"मग तू मला काही बोलत का नाहीस?"

"काय बोलू?"

"तुझ्या आईला मी वेडी ठरवली, मेधा."

"हे बघ," ती म्हणाली, "आई तशी झाली तेव्हा मी फार चिडायचे तिच्यावर. 'तुला सांगितलं ना गॅस बंद आहे,' असं ओरडायचे. ते माझं मला आहे. तुझं काय करायचं, ते आईनं लिहून ठेवलंय. तिनं तुला पोटचा म्हटलंय, मग मी कोण मध्ये बोलणारी?"

"ते तिनं लिहिलं की नाही, हे कुणालाच माहीत नाही. एकसष्टच टक्के आहे."

"मुकुंद, आईनं माझ्याबद्दल तेवढंही लिहिलेलं नाही रे," मेधा म्हणाली, आणि चुलीवर काहीतरी आहे असं सांगून तिनं फोन ठेवला. साताऱ्यात पंचवीस वर्षं कुणाकडे चूल नव्हती.

त्यानंतर तारळेकरांना एक सवय लागली. सकाळी उठले की ते पान उघडायचं आणि खाली जाऊन आकडा बघायचा. पहिल्या महिन्यात एकसष्टचा त्रेसष्ट झाला. दिवाळीत एकाहत्तर. त्यांना वाटे, आकडा उतरला तर बरं. मग वाटे, खरंच तिनं लिहिलं असेल तर? ती सव्वीस वर्षांच्या मुलाचे आभार मानून क्लासमधून घरी गेली, आणि तो मुलगा पुसताना तेवढ्या चार ओळीही वाचायला थांबला नाही. आकडा चढला तरी लाज वाटायची, उतरता उतरत नाही म्हणूनही वाटायची. पूजेच्या आधी, जेवण झाल्यावर, दुपारी चहाला, ते पुन्हा पुन्हा वाचत. 'त्याला मी विसरायची नाही.' यावर येऊन त्यांची नजर थांबायची आणि तिथून हलायची नाही.

दीड वर्षानं आकडा शहाण्णव झाला तेव्हा ते बसनं पुण्याला गेले आणि ऋताच्या टेबलासमोर जाऊन बसले.

"हे वाक्य काढून टाका."

"का, काका?"

"त्या वेळी एकसष्ट होतं. आता शहाण्णव. मधे काय झालं? काकू वरून सांगायला आल्या?"

ऋतानं त्या वाक्याची नोंद उघडून वाचली. मग सावकाश समजावून सांगायला लागली. यंत्र झुकाव मोजणं कधी थांबवत नाही. पान भरल्यावरही मोजत राहतं. लोकांनी वाक्य उचललं की झुकाव वाढतो. "आणि वाचणाऱ्याची नजरही मोजतो आम्ही. बनावट वाक्यावरून नजर सरकून जाते, खऱ्यावर रेंगाळते, असं प्रयोगात दिसलं होतं. म्हणून नजरेला सगळ्यात जास्त वजन दिलंय. नजर खोटं बोलत नाही, असं धरलं होतं."

"मग?"

"या वाक्यावर दीड वर्षात नऊ हजार वेळा नजर थांबली." तिनं पडदा त्यांच्याकडे वळवला नाही, स्वतःच वाचून दाखवलं. "त्यातल्या आठ हजारांच्या वर फलटणच्या एकाच घरातल्या आहेत."

तारळेकर खुर्चीत थोडे मागे सरकले.

"म्हणजे मीच खरं केलं."

"यंत्राच्या हिशोबानं, हो."

"मी खात्री म्हणून बघत नव्हतो हो. लाज वाटायची म्हणून बघत होतो."

"यंत्राला दोन्ही सारखंच दिसतं, काका. आम्हालाही हे आजच कळतंय. बदल करायला हवा, मान्य आहे. पण अशी किती वाक्यं असतील, कुणाकुणाच्या नजरेनं पक्की झालेली, याचा विचारसुद्धा करवत नाही. तोपर्यंत तुमचं एक काम करता येईल. साक्षीदाराचा अधिकार अजून आहे तुम्हाला." तिनं कोरा कागद आणि पेन त्यांच्यापुढे सरकवलं. नव्या काळातही सही कागदावरच लागे. "'सदर वाक्य मूळ पानावर नव्हते.' एवढं लिहून द्या, आत्ता काढते."

तारळेकरांनी पेन उचललं. 'सदर वाक्य मूळ पानावर' एवढं लिहिलं. अक्षर अजून चांगलं होतं. मग हात थांबला.

"पुन्हा काकूंना नव्हतंच म्हणू?" त्यांनी विचारलं.

त्यांनी पेनाचं टोपण लावलं, ते टेबलावर सरळ ठेवलं, कागदाची घडी करून खिशात घातली आणि निघाले.

घरी आल्यापासून त्यांनी पान उघडलं नाही. पहिले चार दिवस फार जड गेले, हात आपोआप तिकडे जाई. अकराव्या दिवशी सकाळी मेधाचा निरोप आला : 'मुकुंद, लोकांनी एवढं उचललं की आकडा गेला बघ. आता शंभर. आईचं म्हणणं पक्कं झालं. पेढे कधी देतोस?' खाली तिनं तो परिच्छेद जसाच्या तसा चिकटवला होता. आकड्याविना तो अगदी कुणीतरी स्वतः लिहिल्यासारखा दिसत होता.

तारळेकरांनी बराच वेळ काही उत्तर टाइप करून पाहिलं आणि पुसलं. मग सदरा चढवून ते कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानात गेले आणि अर्धा किलो पेढे मागितले. साताऱ्याला पाठवायचे आहेत, म्हणाले.

"माहितीये कशाचे ते," दुकानदार खोक्यात पेढे भरत म्हणाला. "घरात सगळ्यांनी वाचलं आज. नशीबवान आहात, काका. असं आईसारखं कोण कुणाबद्दल लिहून ठेवतं?"

तारळेकर काही म्हणायला गेले. दुकानदारानं काटा बरोबर झाल्यावर आणखी दोन पेढे वर ठेवले, खोक्याला दोरा बांधला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला.